निखाऱ्यावरचं काळीज

आई,

काल सांगलीहून आलं ते एवढंच: तुझ्या नातसुनेच्या रक्ताचा दुसरा रिपोर्ट आणि लोहाच्या गोळ्या. रिपोर्टचे अडीच हजार गेले. गोडेतेलाचा आख्खा डबा आला असता. पण हिशेबाच्या वहीत लिहून ठेवताना हात आखडला नाही. तिच्या पोटातलं वाचलं, आई.

तुला ती जत्रा आठवत असेल. बिरोबाला बोकड पडलाय, पुरुष मंडळी जाळापाशी बसलीत, आणि आबा निखाऱ्यावरून काळजाचा तुकडा काढून तुझ्या तळहातावर ठेवतायत. वरून काळा, आत लालभडक. आज्जी म्हणते, "खा गं, पोटुशीनं खाल्लं की रगत भरतंय. वाघ हुईल पोटाला." मी हात पुढं केला तर म्हणाली, "पोरीस्नी नसतंय." तू खाल्लंस. पुढं बाळ आलं ते मडक्याएवढ्या डोक्याचं. सारखे झटके यायचे, डोळे वर लागलेले. बारशाआधीच गेलं. "मांजार कवटाळून बसायची, आता भोग," आज्जी ओरडली. आबांनी मांजर शेपटीला धरून उंबऱ्यावर आपटलं, ते ओरडायचं थांबेपर्यंत. मग मेंढरामागची काठी तुझ्या तोंडावर बसली. तुझा दात चुलीच्या राखेत पडला, तो मी हुडकून परकराच्या ओच्यात बांधला. तू चूळ भरलीस आणि भाकरी थापायला बसलीस. पिठात रक्त गळत होतं, तू ते तसंच मळलंस. त्या भाकरी आबांनी खाल्ल्या.

आता आमच्या घरचं ऐक. सुनेला तिसरा महिना. पहिल्या रिपोर्टात टॉक्सोप्लाझ्मा निघाला. तुझा नातू सोनं गाळायचं, गलाईचं दुकान बंद ठेवून घरी आलेला. त्यानं मोबाइलात बघितलं, मांजराचा रोग, पोर आंधळं होतं, डोक्यात पाणी होतं. सुनेचं मांजर धुण्याच्या दगडावर निजलं होतं. त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली, तीच आबांची, त्यांच्यामागं माझ्याकडं आलेली, आणि एका घावात त्याचं डोकं फोडलं. मग तिच्याकडं वळला. "उद्या सांगलीला चल आन् पाडून टाक. असलं पोर मला नगं."

ती म्हणाली, "आवं, डॉक्टरीणबाईंस्नी इचारा तरी. आजून एक तपासणी हाय म्हणत्यात."

"तोंड वर करून बोलतीस व्हय?" काठी तिच्या पाठीत बसली. ती पोटाला दोन्ही हात लावून खाली बसली. दुसऱ्यांदा काठी वर गेली तेव्हा ती माझ्या हातात आली. कशी आली, मला सांगता येत नाही. त्याच्या मनगटावर मी जीव खाऊन हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. "आये!" म्हणून तो केकाटला. मी म्हटलं, "अजून एक हात हाय तुला, बघ."

सकाळच्या एस्टीनं मी सुनेला घेऊन निघाले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, मी मॅट्रिक शिकलेली, मला कळलं. रक्तात दोन खुणा सापडतात, एक ताज्या लागणीची, एक जुनीची. पण ताजी म्हणतात ती खूण वर्षभरसुद्धा रेंगाळते, म्हणून नुसती ती बघून पोट पाडायचं नसतं. जुनी खूण किती घट्ट धरते हे तपासायचं. मी मनात म्हटलं, दह्यासारखं. नवं विरजण वाटी हलवली की मोडतं, मुरलेलं पालथं घातलं तरी सुटत नाही. काल रिपोर्ट आणायला गेलो, तर हिचं मुरलेलं निघालं. लागण दिवस राहायच्या आधीची, बाळाला भीती जवळजवळ नाही.

"कशातून झालं?" मी विचारलं. "मांजराच्या विष्ठेतून होतं, अर्धकच्च्या मटणातूनही. तुमच्या सुनेला कशातून, ते रिपोर्ट सांगत नाही." सून जमिनीकडं बघत म्हणाली, "गेल्या सालच्या जत्रेत ह्यांनीच काळीज भरवलं हुतं. येकदम कच्चं."

तुझ्या बाळाचंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, आता असं मूल जन्मलं तर आईकडून उतरलेलं सोडून बाळानं स्वतः तयार केलेली खूण त्याच्या रक्तात शोधतात, डोळे बघतात, औषध देतात. तुमच्या आईच्या बाळाचं मात्र आता कोण सांगणार.

तो प्लास्टर घालून पडवीत बसलाय. लोकांना सांगतो, पायरीवरून पडलो. मी दोन्ही वेळ देवापुढं दिवा लावते, त्यानं जाच करू नये म्हणून मागते. बायकोकडं बघून तो अजून बोलत नाही, पण पाणी मागताना आवाज खाली असतो. काठी मी चुलीत घातली. एक गोष्ट मात्र देवापुढं म्हणता येत नाही, तुला सांगते. हाड मोडलं तेव्हा मला देव आठवला नाही, तुझा दात आठवला, आणि बरं वाटलं. अजूनही वाटतं.

पाकिटाला तिकीट लावत नाही, तू गेलीस तिथं टपाल जात नाही, वाया जाईल. पण एक विचारायचं राहिलंय. बाळ दुपट्यातच गुंडाळलेलं असायचं, नेलं तेव्हाही मला कोणी उघडून बघू दिलं नाही, आणि तू कधी बोलली नाहीस. मुलगा होता का मुलगी, एवढं उलट टपाली कळव.