झोपमोड नको म्हणून

चिरंजीव बाळ,

तुझे पणजोबा, आजोबा आणि बाबा, तिघांनीही मला हाक मारल्यावाचून कधी उंबरा ओलांडला नाही. तू मात्र पहिल्याच दौऱ्याला चिठ्ठी ठेवून गेलास: 'आजी, झोपमोड नको म्हणून उठवलं नाही.' त्या दिवशी मी पहाटेपासून जागीच होते.

आज माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. तारीख फोनवर दोनदा सांगितली. दोन्ही वेळा तू कुठल्याशा कारखान्यात सॉफ्टवेअर बसवत होतास आणि 'हो आजी' म्हणालास. तीन आठवड्यांनी काल घरी आलास तो बुटांसकट झोपलास. बूट मी काढले आहेत. शेजारच्या मास्तरीणबाई माझ्यासोबत आहेत. दूध तापवून ठेवले आहे. ते पिऊनच दवाखान्यात ये.

झोपमोड नको म्हणून उठवले नाही. आता फिट्टंफाट.

आजी