लवू तांडेलाची बहीण

प्रिय सौमित्र,

तू पाठवलेले पाच प्रश्न मिळून बारा दिवस झाले. व्हॉट्सअॅपवर उत्तर दिलं असतं तर तू तिथल्या तिथे काहीतरी लिहिलं असतंस. मला लगेच उत्तर नकोय, म्हणून कागद घेतला. अक्षर शाळेच्या ऑफिसातलं आहे, समजून घे.

दर रविवारी दुपारी हितू तुझ्याकडे माटुंग्याला खेळायला निघाला की मी त्याची किती टर उडवायचे, ते तुला ठाऊक आहेच. एवढा एकतीस वर्षांचा घोडा, आणि चौघं मित्र टेबलाभोवती बसून कागदावरची माणसं होणार, फासे टाकून गोष्ट पुढे नेणार! हा झाला होता तांडेल, स्वतःची होडी असलेला, पण पाण्याला घाबरणारा. त्याला नाव दिलं होतं आजोबांचं, लवू. आजोबांचा जन्म गेला मिलमध्ये, होडी त्यांनी चालवली नाही कधी. मी म्हणायचे, अरे, पाण्याला घाबरणारा कसला रे तांडेल? तर म्हणायचा, ताई, घाबरला नाही तर गोष्ट कशी होणार? मला ते कधी पटलं नाही.

तो जाऊन तीन महिने झाले. आता त्याच्या खुर्चीवर मी बसावं, माझं एक पात्र घेऊन यावं, असं तुम्हाला वाटतं. वाचून बरं वाटलं असं लिहायला हवं. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. हल्ली असंच चाललंय. परवा आईने हितूचे शर्ट शेजारच्या आनंदाला देऊन टाकले. काल डिलाईल रोडवर तो निळा शर्ट घालून समोरून आला. माझ्या मनात आलं ते इतकंच, की कॉलरचं तुटलेलं बटण याने बसवून घेतलेलं दिसतं. घरी येऊन मी गवार निवडली.

तुझे प्रश्न मात्र मनापासून सोडवायला बसले. अठरा वर्षं पालकांचे अर्धवट फॉर्म परत पाठवतेय, माझाच अर्धवट कसा देणार? नाव सुंदरा. काम, डोंगरातल्या गावात औषधी मुळ्या विकणं. भीती कसलीच नाही. तुमच्यापैकी कोणाशी नातं? लवू तांडेलाची थोरली बहीण. पाचवा प्रश्न होता, तिला काय हवंय. तिथे पेन अडलं ते अडलंच. आधी खजिना लिहिलं, मग सूड लिहिलं, मग दोन्ही खोडलं. तिला काही नकोच होतं. तो एक रकाना रिकामा ठेवून फॉर्म बारा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

मग ती सकाळ आठवली. हितू गेल्याचं तुला मी कळवलं, सव्वाअकरा वाजता. तू खुर्ची ओढून बसलास ते मला फोनवर ऐकू आलं. आईला मीच सांगितलं. मालवणच्या मामांना सांगितलं, तर ते 'काय सांगतंस गो?' एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिले. त्याच्या ऑफिसात कळवलं, चाळीत कळवलं. सगळ्यांना तेच वाक्य, त्याच आवाजात. मला मात्र कोणीच सांगितलं नाही रे. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आम्ही सगळे प्रयत्न केले. पुढचं माझं मी समजून घेतलं आणि पर्समधून फोन काढला.

तू म्हणाला होतास, तुमच्यापैकी कोणालाच लवूला मारवेना. होडी घेऊन गेलाय, अजून परतला नाही, एवढ्यावर तुम्ही खेळ थांबवलाय. मग आता असं कर. या रविवारी सुंदरा बंदरावर उतरेल. माझा भाऊ कुठे आहे म्हणून एकेकाला विचारत फिरेल. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक असेल, तिला नसेल. तुमच्यातल्या कोणीतरी तिला बाजूला घ्या, बसवा आणि सांगा. होडी दिसत नाही, शोध चालू आहे, असलं काही नको. तुझा भाऊ गेला, असं सरळ सांगा. पाचव्या प्रश्नाचं उत्तर हेच धर. आणि पुढे ती काय करते हे ठरवायला फासा टाकू नकोस. जरा वेळ थांब.

तुझीच,
दर्शनाताई