लाल-पांढऱ्या दोऱ्याची तीन रोपे

थॉमसटाउन, मेलबर्न
रविवार, १ मार्च १९८७

कै. सौ. दोंका मेतोदिया रिस्तेव्स्का हीस,

सप्रेम नमस्कार.

तुला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. हे पत्र टाकण्यास पत्ता नाही, हे मी जाणतो. तथापि रुग्णालयात असताना तू अंगणाविषयी जे प्रश्न विचारलेस त्यांची उत्तरे माझ्याकडून राहिली आहेत. ती देणे माझे कर्तव्य आहे.

पहिली बातमी तुला रुचणार नाही. घरमालक टली वारले हे तू ऐकले होतेस. त्यांच्या पुतण्यांनी घर विकले असून येथे सदनिका उभ्या राहणार आहेत. आपण सव्वीस वर्षे भाड्याने राहिलो ते घर १५ एप्रिलपर्यंत रिकामे करावे व मागील अंगण ‘मूळ स्थितीत’ परत द्यावे, अशी नोटीस आली आहे. ती घेऊन प्रौस नावाचा तरुण एजंट स्वतः आला. तुझ्या मिरच्यांकडे बोट दाखवून, हे सगळे महिनाअखेरपर्यंत उपटून टाका, असे त्याने सांगितले. मी म्हणालो की, भाडे १५ एप्रिलपर्यंत भरलेले आहे आणि तोवर ही बाग श्रीमती रिस्तेव्स्का यांची आहे. त्यांचे नाव करारावर नाही, असे तो म्हणाला. मी म्हणालो, मातीवर आहे.

आपली रात्का घाबरली आहे. बाबा, भांडू नका, यंदा आयवार दुकानातून आणू, असे तिचे म्हणणे. मी नकार दिला. ज्या घरात सव्वीस वर्षे पानगळीच्या तोंडावर मिरच्या भाजून, सोलून, आटवून आयवारच्या बरण्या भरल्या गेल्या, त्या घरातून मी रिकाम्या बरण्या घेऊन निघणार नाही. मिरच्या वेचण्याचा व सोलण्याचा अधिकार तू मला कधी दिला नाहीस. माझ्याकडे केवळ चूल आणि झाकणे होती. परंतु मी पाहत होतो.

एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. रुग्णालयात निघालीस त्या सकाळी तू कोट घालून अंगणात गेलीस आणि तीन रोपांवरच्या एकेका मिरचीला लाल-पांढरा दोरा बांधलास. हा दोरा एक मार्चचा. तिकडे गावी तो वसंताचे स्वागत म्हणून पहिल्या फुललेल्या झाडाला बांधत. येथे मार्चमध्ये पाने गळू लागतात, तरी तू तो दरवर्षी मिरच्यांना बांधत आलीस आणि मी दरवर्षी हसत आलो. यंदा तू तो जानेवारीतच बांधलास. मार्च आपल्याला दिसणार नाही हे तुला कळले होते, असे मी समजलो, आणि हसलो नाही.

प्रौसला लेखी उत्तर द्यायचे म्हणून आज दिवसभर बसून अंगणाचा नकाशा काढला. प्रमाण एकास पन्नास. चौसष्ट रोपे, आठ ओळी, विटांच्या कडा, तू रोपे वाढवत असलेला फुटका टब, सर्व दाखवले आहे. तीन दोरे लाल पेन्सिलीने.

लोभ होता तसाच असू दे. तो सोडण्याची नोटीस मला कोणी देऊ शकत नाही.

तुझा,
मेतोदिया


थॉमसटाउन
सोमवार, ९ मार्च १९८७

ती. राइनाताई यांस,

सा. न. वि. वि.

पोर्ट केम्ब्ला येथे आपल्या गुडघ्याचे प्लास्टर अद्याप निघाले नसल्याने चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेस आपणास येता येणार नाही, हे रात्काकडून कळले. आपल्या धाकट्या बहिणीच्या, दोंकाच्या, नावाने आपण घरूनच मेणबत्ती लावावी, पोहोचेल.

शनिवारी आयवार केला. पहाटे निलगिरीची लाकडे पेटवून पत्र्यावर मिरच्या काळ्या होईतो भाजल्या. रात्का आणि जावई ग्रॅहम मुलांसह आले. ग्रॅहमने हातमोजे घालून सोलण्याचा प्रयत्न केला. नातवंडे त्याच्यावर हसली. रात्काने आईचा एप्रन बांधला होता. पातेल्याच्या तळाशी पळी फिरवल्यावर वाट उघडी पडावी आणि मिटू नये, हे दोंकाचे प्रमाण मी पाळले. त्यास पाच तास लागले. धुरामुळे प्रौस मोटार थांबवून कुंपणाशी आला व येथे उघड्यावर आग पेटवण्यास मनाई आहे असे बोलला. मी त्यास कळवले की, हा स्वयंपाक आहे.

बागेत पिकलेले एकही फळ मी मागे ठेवले नाही. उपटायला कोणी आलेच, तर त्यास लाल काही मिळू नये, ही माझी इच्छा. दोंकाने तीन रोपांवरच्या सर्वांत मोठ्या मिरच्यांना दोरे बांधले होते. ते मी आधी हलकेच सोडवून तिच्या शिवणाच्या डब्यात ठेवले. तिच्या हातची शेवटची गाठ आगीत जाऊ नये.

आपल्यासाठी दोन बरण्या रेल्वेने पाठवत आहे. प्रकृतीस जपावे, ही विनंती.

आपला नम्र,
मेतोदिया


पोर्ट केम्ब्ला
१२ मार्च

चि. मेतोदी यास,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. अरे देवा, काय करून बसलास रे.

त्या दोऱ्याचा आणि वसंताचा काय संबंध? पहिली दोन-तीन वर्षं असेल. नंतर दोंकानं त्या दोऱ्याला कामाला लावलं. इथं मार्चमध्ये फुलणारं काही नाही, तर पिकणाऱ्याला बांधते, असं तिनं मला लिहिलं होतं. रोप दणकट, मिरची जाड सालीची, लांब, सरळ. अशा तीन रोपांना दोरा. दोरा म्हणजे हात लावायचा नाही, ही बियाण्याची. झाडावर सुरकुतेपर्यंत ठेवायची, मग चिरून बी वाळवायचं. वर्षानुवर्षं बाई तुझ्या डोळ्यांसमोर हे करत होती आणि तू झाकणं पुसत होतास.

तू दोरा जपून ठेवलास आणि मिरची भाजलीस. भाजलेलं बी उगवत नाही, हे तुमच्या स्कोप्येच्या कॉलेजात शिकवलं नव्हतं वाटतं.

हसण्यावारी नेतेय, पण हसायची गोष्ट नाही ही. ते बी आईचं. बासष्ट साली तिनं पत्राच्या पाकिटात कडेला चिकटवून पाठवलं होतं, आठवतं का? आई गेली, गावच्या वाफ्यावर आता रस्ता आहे. माझ्याकडचं बी इथल्या खाऱ्या वाऱ्यानं चौथ्याच वर्षी संपलं, तेव्हापासून दोंकाच पाठवायची. गेल्या वर्षीचं मी सगळं पेरलं, एक रोप धरलं नाही. घरात बघ एखादी पुडी राहिली आहे का. नसणार. ती दरवर्षी सगळं पेरायची. शिळं बी म्हणजे शिळी भाकरी म्हणायची.

आणि एक नीट ऐक. तू म्हणतोस शेवटची गाठ. ती काही निरोप घेत नव्हती, मेतोदी. निरोप घेणारी बाई पुढच्या वर्षीचं बी निवडत नाही. ती दवाखान्यातून परत येणार होती.

त्या तीन रोपांवर अजून काही लागलंय का ते जाऊन बघ. बसून राहू नकोस. आणि भाजलेल्या मिरच्या सोलताना नळाखाली धुतल्या नाहीस ना? चव वाहून जाते त्यानं. तेवढं तरी सांग.

तुझी,
राइना


थॉमसटाउन
सोमवार, १६ मार्च १९८७

ती. राइनाताई यांस,

सा. न. वि. वि.

आपण लिहिलेले सर्व योग्य आहे. एक पातेले मी नळाखाली धुतले. साल चटकन निघते असे वाटले. पुन्हा होणार नाही.

आपले पत्र शुक्रवारी दुपारी आले. घरात एकही पुडी सापडली नाही. मी अंगणात गेलो तो चौसष्ट रोपे उभी, फळे उतरवलेली, सर्व एकसारखी. दोरे मी स्वतः सोडलेले. त्या क्षणी मला जे वाटले ते पत्रात लिहिण्याजोगे नाही. मग नकाशा आठवला. ओळ तिसरी, रोप पाचवे. ओळ सहावी, रोप दुसरे. ओळ आठवी, रोप आठवे. सुतळी टाकून मोजले व दोरे जागच्या जागी बांधले.

तिन्हींवर मिळून उशिरा लागलेल्या पाच मिरच्या आहेत. पाचही हिरव्या. पिकून लाल झाल्याखेरीज बी धरणार नाही, आणि माझ्याकडे तीस दिवस आहेत.

शनिवारी चाळिसाव्याची प्रार्थना झाली. पानात, मृतांच्या नावाने शिजवलेल्या गव्हाशेजारी, नवा आयवार वाढला. मंडळींनी सभ्यपणे पुन्हा पुन्हा पाणी मागितले. मीठ अधिक झाले असावे.

प्रौसचे दुसरे पत्र आले आहे. बाग ३१ मार्चपर्यंत न उपटल्यास तो माणसे पाठवून उपटवील. रात्का रडून म्हणाली की, बाबा, पाच मिरच्यांसाठी कोण भांडतं. मी तिला आपले पत्र वाचून दाखवले. जाताना तिने तिन्ही रोपांना पाणी घातले.

‘मूळ स्थिती’ या शब्दांचा अर्थ काय, हे शोधण्यासाठी मी १९६१चा करार काढला. त्यास जोडलेल्या यादीत मागील अंगणाचे वर्णन प्रौसच्याच कार्यालयाने असे केले आहे: विटांचे तुकडे, काटेरी झुडपे, फुटका टब एक. शब्दशः पालन करण्याचा माझा विचार आहे.

आपला,
मेतोदिया


पोर्ट केम्ब्ला
३ एप्रिल

चि. मेतोदी यास,

अनेक आशीर्वाद.

रात्काचा फोन आला होता. प्रौसची दोन माणसं कुदळी घेऊन आली आणि तू तिसऱ्या ओळीत खुर्ची टाकून टाय लावून बसलास म्हणे. नकाशा मांडीवर. त्यांना पाव आणि आयवार दिलास. एकानं तिसऱ्यांदा मागून खाल्ला, आणि जमीन ओली आहे, आज खणता येत नाही, असं साहेबाला सांगतो म्हणून दोघं निघून गेली. ऐकून मी इतकी हसले की गुडघा दुखला. लग्नात तुला पाहून आई म्हणाली होती, मुलगा इस्त्री केलेल्या कागदासारखा आहे, वाऱ्यात टिकेल का. टिकलास की.

बरण्या पोचल्या. पहिली उघडली. खारट आहे, पण दोंकाचाही पहिल्या वर्षी असाच होता, तिला विचारलं असतंस तर कबूल केलं नसतं. दुसरी नळाखालची. पहिल्या घासाला ओळखली. कुणाला सांगणार नाही.

आता ऐक. उरलेल्या बारा दिवसांत पिकतील याची खात्री नाही, थंडी पडायला लागली. पिकल्या नाहीत तर झाडंच उचल. मुळं न हलवता, गोल माती धरून, तेलाच्या मोठ्या डब्यांत. डब्याच्या बुडाला भोकं पाड. उचलायच्या आदल्या दिवशी भरपूर पाणी दे, नवी पानं खुडून टाक म्हणजे जोर मिरचीत जाईल. उन्हाच्या भिंतीला ठेव. झाड रुसेल, पण ते मरायच्या आधी फळ पिकवतं. झाडाला तेवढी अक्कल असते.

आणि मला बी पाठव. पाकिटाच्या कडेला चिकटवून.

तुझी,
राइना


थॉमसटाउन
बुधवार, १५ एप्रिल १९८७

प्रिय दोंका,

सप्रेम नमस्कार.

काल एकसष्ट रोपे उपटली. ती काम संपलेली रोपे होती. त्यांच्याबद्दल मी तुझी क्षमा मागत नाही. तुझी तीन रोपे राइनाताईंच्या सूचनेबरहुकूम तेलाच्या डब्यांत उचलली. डब्यांना भोके पाडताना माझा अंगठा कापला. किरकोळ आहे.

वाफ्यांच्या कडेच्या विटा सर्व काढून अंगणभर पसरल्या. तू ज्या टबात रोपे वाढवलीस तो धुऊन मधोमध ठेवला. प्रौस साडेतीन वाजता आला. हिरवळ कुठे आहे, असे त्याने विचारले. मी १९६१ची यादी त्याच्या हाती दिली आणि तिच्यातील प्रत्येक वस्तू बोटाने दाखवली. काटेरी झुडपे मात्र मला देता आली नाहीत; त्याबद्दल लेखी दिलगिरी सोबत जोडली होती. त्याने यादी दोनदा वाचली आणि सही केली.

बरण्या सकाळीच रात्काकडे गेल्या. डबे तिने मोटारीच्या मागच्या आसनावर ठेवून त्यांना पट्टे लावले. तिच्याकडे राहण्यास जाण्याचे मी इतके दिवस टाळत होतो, कारण ग्रॅहमच्या अंगणात केवळ हिरवळ आहे आणि ती त्याला मुलांइतकी प्रिय आहे. पट्टा लावता लावता रात्का म्हणाली, “बाबा, त्यानं रविवारीच हिरवळ खणून वाफा केलाय. आठ ओळी बसतील, मी मोजलंय. आणि बी वाळवायला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवसभर ऊन असतं.” मी तो वाफा काल तिला न सांगता पाहून आलो होतो. काटकोनात नाही. मी दुसरा पट्टा लावला.

पाच मिरच्यांपैकी दोन गळाल्या. दोन अजून हिरव्या आहेत. आठव्या ओळीतल्या आठव्या रोपावरची आज सकाळी देठाकडून लाल झाली. दोरा तिच्यावरच आहे. या खेपेस कोणीही तो सोडणार नाही. मी तर नाहीच.

तू परत येणार होतीस, हे मला तुझ्या बहिणीकडून कळावे, याचे मला वाईट वाटले. मी तुला निरोप देत होतो तेव्हा तू पुढच्या वर्षाची तयारी करत होतीस. ती तयारी आता माझ्याकडे आहे. ऑक्टोबरमध्ये पेरीन, आणि चौसष्टच लावीन.

लोभ आहेच. तो तिकडूनही चालू ठेवावा.

तुझा,
मेतोदिया

ता. क. तीन वाजून पन्नास मिनिटांनी मागचे दार व पुढचे दार कुलूप लावून बंद केले. दोन्ही किल्ल्या परत केल्या व पोच घेतली.