ओतिलिया सामुदियोची रिकामी चौकट

मी, ओतिलिया सामुदियो, कै. रुतिलिओ अर्रोनीस यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा कविता आणि संपादन (पहिल्याने पोट भरलं नाही, दुसऱ्याने डोळे गेले), राहणार हालापा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत, आणि डॉक्टर ज्या मऊ आवाजात बोलू लागले आहेत त्यावरून यंदाचा नाताळ मला दिसत नाही. दडपण कोणाचंही नाही. थकवा आहे, पण थकलेल्या माणसाचं मृत्युपत्र कायद्याला चालतं, हे नोटरी किरोसना विचारून घेतलं आहे.

कलम पहिले. राहतं घर, मागचं अंगण आणि त्यातली कॉफीची झाडं माझ्या पश्चात माझी भाची नेलिदा हिची. गेली काही वर्षं ती माझी औषधं, माझी चिडचिड आणि पुढच्या खोलीत बसून राहणारे कवी, असं सगळं सांभाळते आहे. तिने घर विकलं तरी माझी हरकत नाही. कवींसकट विकता आलं तर उत्तम.

कलम दुसरे. पुस्तकं गावच्या वाचनालयाला. त्यांतली बरीचशी "आदरणीय ओतिलियाताईंना सप्रेम" अशी सही करून आलेली आहेत, आणि त्यांचा अर्थ एवढाच की पुढच्या महिन्यात लेखकाची कविता पाकिटातून येणार. राज्य सरकारने दिलेलं पदक स्वयंपाकघराच्या दाराला टेकू म्हणून लावलेलं आहे. ते तिथून हलवू नये, वाऱ्याने दार आपटतं.

कलम तिसरे. माझ्या कविता. संग्रह तीन, तिन्ही आता मिळत नाहीत. चौथा कुठेतरी दडवून ठेवला आहे असं गावात बोललं जातं. दडवलेला नाही, लिहिलेलाच नाही. लोकांच्या कवितांमधली विशेषणं काढता काढता दिवस गेला, आणि संध्याकाळी माझ्या स्वतःच्या कवितेसमोर बसले की हात आपोआप खोडायलाच जायचा. याचं मला फार वाईट वाटतं. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने कधी कोणाला सांगितलं नाही. माझ्या पश्चात कोणी गादीखाली शोधाशोध करू नये.

कलम चौथे. 'कसर' हे मासिक.

हे कलम वाचताना नोटरीसाहेबांनी आवाज चढवावा, कारण साक्षीदार क्रमांक एक, फिदेन्सियो अर्रियोला, याला कमी ऐकू येतं, आणि ज्या वेळी ऐकायला हवं होतं तेव्हा तर मुळीच येत नव्हतं.

'कसर' आम्ही तिघांनी काढलं. मी निवडायची, फिदेन्सियो लिहायचा, माझा नवरा रुतिलिओ आपल्या छापखान्यात छापायचा. नोव्हेंबरचा अंक कवट्यांचा. मृतांच्या सणाला कवटी सगळेच लिहितात: जिवंत माणूस मेला असं धरून चार ओळींत त्याची टर उडवायची. ज्याच्यावर कवटी येत नाही तो गावाच्या लेखी कोणी नाही. आमच्या अंकात आपली कवटी यावी म्हणून नगराध्यक्ष गोड बोलायचे, आणि फिदेन्सियोसारखी कवटी आख्ख्या राज्यात कोणाला जमत नव्हती. हे मी रागात असूनही लिहिते.

एका वर्षी त्याने रुतिलिओवर लिहिली. हडकुळी बाई, म्हणजे मरण, रुतिलिओला छापखान्यातून ओढून नेते आणि तो तिच्या हाडांवर शाईचे ठसे उमटवून ठेवतो, अशी. रुतिलिओ तेव्हा आजारी होता, पण उठेल असं सगळ्यांनाच वाटत होतं. अंक छापून झाला, गावभर वाटून झाला, आणि रुतिलिओ गेला. कवटीतला माणूस सणाआधी खरोखरच मेला, असं हालापात कधी घडलं नव्हतं. लोक घडी केलेला अंक खिशात घालून दफनाला आले. कोणाला रडावं की तोंड लपवावं ते कळेना.

फिदेन्सियो आलाच नाही. त्याच आठवड्यात सामान बांधून वेराक्रूसच्या बंदरावर निघून गेला. त्याने पुन्हा एकही कवटी लिहिली नाही, आणि त्याचं बघून माझ्यावर लिहायचीही कोणाची छाती झाली नाही. विधवा, शिवाय त्या घरातली! दर नोव्हेंबरला सगळ्या गावाची टिंगल मी तपासून छापली. गाढवाच्या डॉक्टरचीही कवटी आली, माझी नाही. दर अंकात शेवटच्या पानावर मी एक चौकट रिकामी ठेवत आले. वाचकांना वाटायचं, जाहिरात मिळाली नसेल.

आता तो म्हातारा होऊन परत आला आहे आणि माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. मी पावाच्या दुकानाशी दिसले की रस्ता ओलांडतो. ज्या गुडघ्यांनी त्याला जिना चढवत नाही, त्यांनी पळतो.

तर फिदेन्सियो, ऐक. रुतिलिओने ती कवटी प्रुफातच वाचली होती. उशीला टेकून मोठ्याने वाचली, हसला, खोकला, पुन्हा वाचली. म्हणाला, "हरामखोराने मला जिवंतपणी कधी एवढं देखणं केलं नव्हतं! ओती, यातला एक शब्द हलवलास तर बघ." त्या आजारात तो तेवढाच एकदा हसला. हे सांगायला मी तुझ्या दारी आले होते, तर तुझं दार बंद. पत्रं पाठवली, ती न फोडता परत आली. नवरा गेला त्याचा दोष मी तुला कधीच दिला नाही. तू मला एकटीला टाकून गेलास, त्याचा देते. दोन माणसं एकदम गेली माझी, आणि त्यांतलं एक जिवंत होतं.

(इथे नेलिदा मागून वाचत होती. म्हणाली, "मावशी, मृत्युपत्रात असं लिहितात का?" मी म्हटलं, "मग कुठे लिहितात? तो दुसरं काही ऐकायला बसेल का?" नोटरीसाहेबांनी 'हरामखोर' या शब्दावर आक्षेप घेतला. त्यांना सांगितलं की तो मयताचा शब्द आहे, बदलण्याचा अधिकार मला नाही.)

'कसर' माझ्याबरोबर बंद व्हावं. नाव कोणाला देऊ नये. शेवटचा अंक छापखान्यात पडून आहे, चौकट नेहमीप्रमाणे रिकामी आहे, आणि छपाई मी उद्यापर्यंत थांबवली आहे. कवटी जिवंत माणसावरच लिहायची असते. मेल्यावर लिहिली तर ती श्रद्धांजली होते, आणि श्रद्धांजल्या मी आयुष्यभर साभार परत केल्या आहेत.

फिदेन्सियोला मी काहीही देत नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही, असा कायदा आहे; म्हणूनच त्याला साक्षीदार केला. सही करायला बोलावलं तर तो नाही म्हणणार नाही, एवढी त्याची हौस मला माहीत आहे.

कलम पाचवे. पुढच्या वर्षी सणाला माझ्यासाठी मांडशील त्या वेदीवर, नेलिदा, झेंडू भरपूर असू दे. बिनसाखरेची कॉफी ठेव आणि शिको गावचा मोले, तो मिरच्यांचा दाट रस्सा, तिखट. पदक स्वीकारतानाचा फोटो ठेवू नकोस. त्यात मी दात दाखवते आहे, आणि ते दात माझे नाहीत. रुतिलिओचा फोटो शेजारी हवा, जरा जवळ.

आणखी काही सुचत नाही. वरील मजकूर मी लिहिला, नोटरींनी मोठ्याने वाचला, सर्वांनी ऐकला, आणि तो माझाच आहे.

हालापा, वेराक्रूस राज्य, ३० ऑक्टोबर २०११.

(सही) ओतिलिया सामुदियो

समक्ष: नोटरी अनासेतो किरोस

साक्षीदार क्र. २: एदुविखेस लागुनेस, शेजारीण. सही केली. रडू आलं म्हणून सही वाकडी आहे.

साक्षीदार क्र. १: फिदेन्सियो अर्रियोला. ऐकलं. सगळं ऐकलं, ओती. नोटरीसाहेब, पेन एवढ्यात मागू नका.

हडकुळी आली ओतीच्या दारी, हुकूम हातात घेऊन,
ओतीने त्यावर पेन्सिल ओढली, चष्मा नाकावर ठेवून.
"ढिसाळ मजकूर, पुन्हा लिहून आण!" दारातूनच म्हणाली,
आणि हडकुळी बिचारी कागद सावरत रडत रडत परत गेली.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्याच हातची: साक्षीदाराने सहीखाली जे लिहिलं आहे ते आजच छापखान्यात पोचवावं आणि चौकटीत घालावं. शेवटची ओळ लंगडते. कोणी दुरुस्त करू नये.

(सही) ओतिलिया सामुदियो