चिखलदऱ्याची सहल

४ फेब्रुवारी
निवडून मी आली, हार ह्याईच्या गळ्यात! नवऱ्यालेच लोकं 'नगरसेवक' म्हणतात, अन् हेही मान डोलावतात. जाऊ द्या. नगरपंचायतीत सतरापैकी नऊ जण आमच्या बाजूनं झाले. दहा तारखेले अध्यक्षाची निवड. समोरच्या पार्टीची दहा वर्षांची सत्ता जाणार! कोणी फुटू नये म्हणून आमचे पुढारी उदयसिंगभाऊ नवाही जणाले सहलीले नेऊन राह्यले.

मी म्हटलं, पोरगी पहिल्या बाळंतपणाले आली, दिवस भरत आले, मी कशी येऊ? हे म्हणाले, "राखीले बारा तारीख देली डॉक्टरनं. माय आहे ना घरी." ह्याईच्या मायले डोळ्यानं दिसत नाही!

५ फेब्रुवारी, चिखलदरा
हॉटेल चकचकीत. पोचताच सगळ्या बायाईचे मोबाईल एका पिशवीत जमा; सोबत आलेल्या नवऱ्याईचे नाही. "ताई, गैरसमज नको." घरी बोलायचं तर भाऊच्या माणसासमोर, स्पीकरवर. राखी म्हणाली, "आई, पाय लय सुजले वं." तेवढ्यात— "बस झालं, ताई."

६ फेब्रुवारी
खोटं काहून लिहू? मलेही सत्ता पाहिजे. आमच्या वॉर्डात बारा दिवसांनी नळ येते. प्रचारात बायाईले शब्द देला मी. म्हणून गाडीत बसली. नाही तर मले ओढून नेणारा कोण माईचा लाल आहे!

७ फेब्रुवारी
आज फोन नाही. "रेंज नाही," म्हणे. अन् ह्याईच्या खिशात मोबाईल वाजून राह्यला!

८ फेब्रुवारी
जीव थाऱ्यावर नाही. खोली झाडायले येते ती शीला म्हणाली, "लावा माह्या मोबाईलवरून." हातात घेतला— अन् राखीचा नंबर पाठ नाही! शेजारच्या चंदाबाईचा नाही, कोणाचाच नाही. वीस वर्षांत एकच नंबर पाठ केला मी, ह्याईचा. तिथंच बसून रडली. शीलानं पाणी पाजलं.

संध्याकाळी फाटकापर्यंत गेली. भाऊचा माणूस आडवा झाला. हे धावत आले— "येडी झाली का? तू गेली की आठ-आठ! सगळं तुया एका हातावर आहे!" मी ह्याईच्या पाया पडली. सगळ्याईसमोर. म्हटलं, एक डाव राखीले पाहू द्या, मंग म्हणाल तिथं हात वर करते. हे म्हणाले, "आत्ताच बोललो तिच्याशी. वरण-भात खाऊन झोपली." शपथ घ्या म्हटलं. घेतली. देवाची.

मंग मी खोलीत आली.

९ फेब्रुवारी
देवा, दोन दिवस थांबव तिले. काही मागत नाही दुसरं.

१० फेब्रुवारी
गाडीतून उतरवून थेट सभागृहात. "हात वर करा" म्हणताच केला. नऊ विरुद्ध आठ. सत्ता पालटली! फटाके, गुलाल, ह्याईले पोट्ट्याईनं खांद्यावर घेतलं. मले कोणी घरी सोडे ना. पायीच निघाली.

घराले कुलूप. चंदाबाई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "पोरीले झटके आले वं ताई. परवा सकाळी मीच गाडी करून वाशीमले नेली. म्हातारीबी तिथंच हाय. भाऊजीले तवाच फोन केला होता ना मी!" पुढं विचारायची हिंमतच झाली नाही. गुलाल भरल्या लुगड्यानं एसटीत बसली.

११ फेब्रुवारी, वाशीम, दवाखाना
बाळ आठ तारखेलेच गेलं. मुलगी होती. ह्याईनं शपथ घेतली तेव्हा तिले माती देऊन झाली होती. जावयानं देली. ह्याईले माहीत होतं, भाऊले माहीत होतं, जेवायच्या टेबलावर सगळ्याईले माहीत होतं.

राखी भिंतीकडे तोंड करून आहे. जवळ बसली तर एवढंच बोलली— "हात वर करून झाला ना तुया? मंग जाय आता."

मी गेली नाही. खाटेच्या पायथ्याशी बसून आहे.