भिंतीतली बाई

प्रिय दादा,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. एका ताटात जेवलेल्या बहीणभावांना कसली पत्रं लागतात, पण हल्ली माझी गतच अशी झालीय. तोंडाने बोललेलं कुणी मनावर घेत नाही आणि कागदावर उतरवलं की सगळे कान टवकारतात. वाचता वाचता मध्येच उठून जाऊ नकोस, एवढं कर.

आधी तुझ्या भाचीचं सांगते. तिला मी घुबड म्हणते. दिवसभर डाराडूर आणि रात्री डोळे टक्क. तुझा मेव्हणा छापखान्यात रात्रपाळीला, त्यामुळे रात्रीचं राज्य आम्हा दोघींचं. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायच्या, थोपटायचं, डोळे मिटले म्हणून हळूच खाली ठेवायला जावं तर पाठ टेकायच्या आधी भोकाड. सुरुवातीला मीही तिच्याबरोबर रडायचे. खोटं कशाला सांगू, एकदोनदा तिला पाळण्यात रडत ठेवून मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले होते, तिचा आवाज कानावर येऊ नये म्हणून. हे मी तुझ्या मेव्हण्यालाही सांगितलेलं नाही.

मग एका रात्री ती मांडीवर होती, माझा एक हात तिच्या पोटावर आणि दुसऱ्या हाताला काही काम नव्हतं. छापखान्यातले बिघडलेले कागद हा घरी आणतो, औषधांच्या खोक्यांची छपाई असते त्यांच्यावर, मागची बाजू कोरी. त्यातला एक ओढून वाण्याकडून काय आणायचं ते लिहायला घेतलं. मीठ, काडेपेटी, साबण. साबणापुढे मी लिहिलं, की हा साबण आणायला एक बाई गेली ती परत आलीच नाही. का लिहिलं देव जाणे. पण ती गेली कुठे हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. उजाडलं तेव्हा ढीगभर कागद भरले होते, मांडी बधिर झाली होती, घुबड कधीच झोपलं होतं आणि तिला खाली ठेवायचं मीच विसरले होते. त्या दिवशी पहिल्यांदा रात्र संपली म्हणून मला वाईट वाटलं. त्यानंतर मी संध्याकाळपासूनच रात्रीची वाट बघायला लागले. ही रडली तरी राग यायचा नाही, उलट वाटायचं, बरं झालं उठलीस बाई, चल, आपलं कालचं राहिलंय.

तू म्हणशील यात नवल ते काय, थापाडी होतीसच. आठवतं ना, गल्लीतल्या पोरांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं की आमच्या परसात विहीर आहे आणि तिच्यात पाणी नाही, नुसता जिना आहे? सगळी वानरसेना दुसऱ्या दिवशी बघायला येणार म्हणून मी तापाने फणफणले होते. आणि तू रात्रीतून कुदळ घेऊन खड्डा खणलास, त्यावर फळी टाकलीस आणि सकाळी पोरांना म्हणालास, कालच बुजवली, आत कुणीतरी पडलं असतं. तुझ्या तळहातांना फोड आले होते. मला म्हणालास, थापाडे, थाप मारायची तर पाया भक्कम हवा. बहुतेक त्याच दिवशी तू गवंडी झालास.

आमच्या घराखालच्या लाँड्रीचं काम तुला मिळालं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. लाँड्रीच्या शेटला दोन गाळ्यांचा एक मोठा हॉल हवा होता, नवी मशिनं बसवायची होती. तुझं नाव मीच सुचवलं. तू दुपारी जेवायला वर यायचास, केसांत चुना, आणि हात न धुताच भाचीचा गाल ओढायचास. काम तू वेळेच्या आधी संपवलंस. शेट खूश, इमारतीचे मालक खूश.

त्यानंतर काही दिवसांनी तो आवाज सुरू झाला. मशिनं रात्री उशिरा बंद होतात, सगळं शांत होतं, आणि मग पाळण्यामागच्या भिंतीतून कट्ट असा आवाज येतो. कुणी आळस देऊन बोटं मोडावीत तसा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक. घुबड कितीही रडत असलं तरी त्या आवाजाला गप्प व्हायचं आणि मान वळवून भिंतीकडे बघत बसायचं. आणि मी काय केलं माहीत आहे? मला आनंद झाला. आयती गोष्ट मिळाली ना. भिंतीत एक बाई राहते, दिवसभर सगळ्या घराचं ओझं डोक्यावर घेऊन उभी असते आणि सगळे झोपले की बोटं मोडते. लिहिताना अंगावर काटा यायचा आणि वाटायचं, वा, काय जमलंय.

तुझ्या मेव्हण्याने ती गोष्ट वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना दाखवली. त्यांनी सगळ्या बिऱ्हाडांना गच्चीवर जमवून मोठ्याने वाचली. पोरं भिऊन आयांना बिलगली. तेव्हापासून मी या इमारतीची लेखिकाबाई झाले. जिन्यात कुणी भेटलं की विचारतात, काय म्हणते भिंतीतली बाई?

तुलाही मी ती फोनवर वाचून दाखवली. सुरुवातीला तू खो खो हसत होतास. बोटं मोडायच्या जागी आलं तसं तुझं हसणं थांबलं. मग तू विचारलंस, कुठली भिंत? जिन्याकडची की स्वयंपाकघराकडची? इतक्या लोकांनी ती गोष्ट ऐकली दादा, कुणी हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, पाळण्यामागची, स्वयंपाकघराकडची. तू म्हणालास, झोप आता, आणि ठेवून दिलास. तो आपला शेवटचा फोन.

त्या प्रश्नाने माझं लिहिणं बंद पडलं. तेच कागद, तीच मांडी, पण मी गोष्ट सोडून भिंत बघायला लागले. मोरीचं दार आधी वरून घासायला लागलं, मग लागेनासंच झालं. सकाळी पाळण्यातल्या पांघरुणावर पिठासारखी बारीक पूड पडलेली असते, मी ती चिमटीत धरून बघते. भिंतीला वर खिळा आहे, त्याला दोऱ्याने मी लाकडी पक्षी टांगलाय पोरीला बघायला. लहानपणी तू मला दोरीला वजन बांधलेला ओळंबा धरायला द्यायचास आणि सांगायचास, माणूस खोटं बोलेल, ओळंबा नाही बोलणार. आधी तो पक्षी भिंतीला टेकून असायचा. मग त्याच्यामागे माझं बोट जायला लागलं. आता मूठ जाते.

आणि एक दिवस भल्या पहाटे तिला पाजत खिडकीशी बसले होते तर समोरच्या फुटपाथवर तू. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं आला माझा दादा. हात केला. पण तू माझ्याकडे बघतच नव्हतास. तू इमारतीकडे बघत होतास, खालून वर, वरून खाली, जसं डॉक्टरने पेशंटच्या नातेवाइकांना चुकवून पेशंटकडे बघावं. मग मान खाली घालून निघून गेलास.

त्याच दिवशी तिला कडेवर घेऊन मी लाँड्रीत गेले. शेटने कौतुकाने हॉल दाखवला. मी विचारलं, इथे मध्ये जाडजूड खांब होता ना? म्हणाला, होता, मशीन आत येईना, तुझा भाऊ आधी नाहीच म्हणत होता, मी फार मागे लागलो तेव्हा काढला आणि हा पाइप लावून दिला. पाइपाला छान निळा रंग दिलाय. शेट त्याच्यावर हँगर लटकवतो. पाइपाच्या बुडाशी फरशीला चिरा गेल्यात आणि पाइप मध्यावर किंचित वाकलाय. पोरीला घट्ट धरून मी बाहेर आले.

मी सगळ्यांना सांगितलं रे. तुझा मेव्हणा म्हणाला, लेखिकाबाई, तुला झोप नाही, भाग दुसरा रात्री लिही. मालक येऊन भिंतीवर थाप मारून गेले, प्लास्टर आहे म्हणाले, आणि पोरीचा गालगुच्चा घेतला. शिक्षिकाबाईंच्या पाया पडायचं बाकी ठेवलं, तर त्या डोळे मिचकावून म्हणाल्या, शेवट मात्र आधी सांगू नकोस हं. जन्मभर थापा मारल्या तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. शेवटी नगरपालिकेत गेले. तिथला कारकून भला माणूस होता, पण त्याने विचारलं, खांब काढला कुणी? मी तुझं नाव घेतलं नाही. म्हणाला, बाई, नुसत्या सांगण्यावर आम्ही इमारत रिकामी करत नाही. काय काढलं, कुणी काढलं, सगळं लेखी द्या.

आज संध्याकाळी घराचं दार आतून उघडेना. तुझ्या मेव्हण्याने खांदा देऊन उघडलं, हसला, आणि पाळीला गेला. मी पोरीला गुंडाळलं आणि इथे आले, तुझ्या घरी. हो, तुझ्याच स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. वहिनी म्हणत होती तू लांब कामावर गेलायस. मग दारामागे तुझी पिशवी दिसली, थापी, ओळंबा, सगळं आत. वहिनी तोंडाला पदर लावून रडली आणि म्हणाली, सगळे झोपल्यावर येतात, झाकलेलं खातात, उजाडायच्या आत जातात. घुबड इथे आल्यापासून एकदाही उठलेलं नाही. मला मात्र इथेही झोप नाही. या पत्राबरोबर दुसराही एक कागद ठेवतेय, तुझ्या ताटावर झाकलेल्या ताटलीखाली. त्यात गोष्ट नाही. खांब, पाइप, चिरा, दार, मूठभर लांब गेलेला पक्षी, सगळं नीट लिहिलंय, आता मला येतं लिहिता. फक्त कुणी काढला तिथली जागा कोरी ठेवलीय. नगरपालिका सकाळी उघडते, आणि त्याच सुमाराला तुझा मेव्हणा पाळीवरून येऊन त्या भिंतीखाली आडवा होतो. आजची रात्र मी तुला दिली दादा. ती द्यायला माझी नव्हती, वरच्या शिक्षिकाबाईंची होती, त्या बिलगलेल्या पोरांची होती. मी खोटं बोलले तेव्हा तू रात्रीतून खड्डा खणून मला खरं केलंस. आज मी खरं बोलतेय. ते नाव तू तुझ्या हाताने लिही आणि माझ्याबरोबर चल. सकाळी ती जागा कोरी दिसली, तर मी लिहीन.

तुझीच,
थापाडी