दुसऱ्यांदा धुतलेला ब्लॉक

देवास, १२ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाबांशी भांडले. माफी मागणार नाही.

धारचे एक भिया, म्हणजे इकडच्या बोलीत भाऊ, रविवारच्या शर्यतीसाठी आमच्या गॅरेजात जीपचं इंजिन जास्त ताकदीचं करून घेताहेत. काल बोअरिंग झालं, म्हणजे सिलिंडर आतून कातून रुंद केले, मग इंजिनाचा ब्लॉक बाबांनी स्वतः धुतला. आज ते इंजिन जोडायला घेणार, तेवढ्यात मी सिलिंडरमध्ये पांढरं फडकं फिरवलं. काळं निघालं.

"चाळीस वर्षं असाच धुतोय मी," बाबा म्हणाले.

"मग चाळीस वर्षं चुकतंय."

जास्त बोलले का? असेल. पण फडकं काळंच होतं! ब्लॉकमध्ये तेल फिरतं त्या भोकांची बुचं मी न विचारता काढली, आत ब्रश घातला. चिमूटभर लोखंडाचा चुरा निघाला. एवढ्यानं नवी बेअरिंगं पहिल्याच चढावर गेली असती. चुरा त्यांच्या तळहातावर ठेवला.

मग धारहून फोन आला. बाबांनीच उचलला. "नहीं भिया, कल नहीं मिलेगा. बिटिया ने मना किया है, और यहाँ उसी की चलेगी."

माझ्याकडे न बघता त्यांनी पाण्याची मोटर सुरू केली.